थेंबाचा पत्ता

सायखेड्यात पाण्याच्या आधी पाण्याची बातमी येते. तिकडे त्र्यंबक-इगतपुरीला पावसानं ठाण मांडलं, की इकडे कोरड्या आभाळाखाली उभ्या असलेल्या माणसांचे मोबाइल ओले आकडे बोलायला लागतात. गंगापूरमधून इतके क्युसेक, दारणेतून तितके, नाशकात होळकर पुलाखालून एवढे. आमच्या आळीतले नाना हे आकडे ऐकतात, क्षणभर डोळे मिटतात, ओठांतल्या ओठांत कसलीशी बेरीज करतात आणि सांगतात, "दिवेलागणीला पुलाला टेकंल." आणि टेकतं. 2016 च्या ऑगस्टात आणि पुन्हा 2019 च्या ऑगस्टात गोदावरी नुसती टेकून थांबली नाही. पलीकडे चांदोरीत शिरली, इकडे आमच्या पेठेत शिरली, दुकानांच्या फळ्यांवरून हात फिरवून गेली. खाली नांदूरमधमेश्वरचा बंधारा, वर धरणांची दारं आणि मधल्या ओंजळीत आम्ही. त्यामुळे पाणी कुठून निघालं, कुठवर पोचलं आणि अजून किती चढणार, हे या गावाला शिकवावं लागत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण सव्वाअठ्ठावीस लिटर, हे मी वर्गात फळ्यावर लिहायचो तेव्हा पोरं माझ्याकडे जरा कीव आल्यासारखी बघायची. त्यांनी ते घराच्या पायरीवर बसून, चढत्या पाण्यात मोजलेलं असायचं.

अशा या जाणत्या गावात माझ्या गाडीतलं पाणी हळूहळू नाहीसं व्हायला लागलं, आणि ते कुठं जातं हे कुणालाच सांगता येईना. गाडीच्या पोटात हिंडणारं पाणी ते किती? चार-साडेचार लिटर. गोदावरीच्या एका क्युसेकनं मनावर घेतलं तर सेकंदाला अशा सहा गाड्या तुडुंब भरतील. तेवढ्याशा पाण्यातलं वाटीभर पाणी आठवड्याला कमी होई. बॉनेट उघडलं की बाजूच्या पांढऱ्या बाटलीतली हिरवी रेघ वरच्या खुणेवरून खालच्या खुणेकडे उतरलेली दिसे, काहीही आवाज न करता, कुणाचाही निरोप न घेता. गाडी कोणत्या कंपनीची हे मी सांगणार नाही. म्हाताऱ्या माणसाच्या दुखण्याची चर्चा करताना त्याच्या घराण्याचं नाव काढू नये. इतकंच सांगतो की तिची पाटी एमएच-15 ची आहे, तिला कार्ब्युरेटर आहे, वडिलांनी घेतली तेव्हा तिचा रंग मोतिया होता आणि आता तो कोणता आहे यावर घरात दोन मतं आहेत.

गळतीचा शोध घेण्याचा पहिला विधी म्हणजे रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरणे. निफाड तालुक्यात पुठ्ठ्याला तोटा नाही. द्राक्षांच्या पेट्यांचा पुठ्ठा घरोघर असतो, आणि त्यावर द्राक्षाचा घड छापलेला असतो, कुठल्याही खऱ्या घडाला जमणार नाही इतका टपोरा. सकाळी मी गुडघ्यावर बसून तो पुठ्ठा बाहेर ओढे, तेव्हा त्या छापील घडावर नेमका एक हिरवट ओला डाग पडलेला असे. जणू गाडीनं रात्रभर जागून एक मणी आणखी काढला होता. गल्लीतून दूध घालायला जाणारी माणसं सायकल हळू करून पाहत. भल्या पहाटे जमिनीला कपाळ टेकवून गाडीच्या पोटाखाली डोकावणारा निवृत्त शिक्षक हे दृश्य गावाला अनोळखी होतं. पण काही दिवसांनी त्याचीही सवय झाली आणि कुणीतरी मला तसाच वाकलेला असताना रामराम घातला.

खरं म्हणजे मोटारगाडी हे आगीला पाण्याच्या पहाऱ्यात कोंडण्याचं काम आहे. पेट्रोल जळून जी उष्णता होते तिच्यातला जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा कामाला येतो. साधारण तितकीच धुराड्यातून आभाळाला अर्पण होते. आणि उरलेली बहुतेक पाण्याच्या डोक्यावर येते. पाणी ती पाठीवर घेऊन रेडिएटरकडे जातं, वाऱ्यावर टाकतं आणि रिकाम्या हातांनी परत येतं. पुन्हा ओझं, पुन्हा वारा. 1900-01 च्या सुमाराला जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी पहिल्या मर्सिडीजसाठी जो रेडिएटर केला त्यात 8,070 बारीक नळ्या जोडलेल्या होत्या. आठ हजार सत्तर! आणि एवढं सगळं कशासाठी, तर पाण्याला थोडी जास्त हवा लागावी म्हणून. त्या माणसानं बसून ते झाळकाम करवून घेतलं असेल तेव्हा एकही नळी गळू नये म्हणून देवाला काय बोलला असेल, याचा मी त्या पुठ्ठ्याशेजारी बसून पुष्कळ विचार केला. हल्लीच्या गाड्यांचं बॉनेट उघडलं की आत काळ्या प्लास्टिकचं एक गुळगुळीत झाकण दिसतं, आणि त्याखाली काय चाललंय ते तुमच्याशी बोलायची त्यांची इच्छा नसते. मला त्या झाकणांचा राग येतो. आमच्या गाडीला लपवण्यासारखं काही नाही. तिची नस न् नस उघडी आहे, फक्त कोणती नस दुखते ते ती सांगत नव्हती.

पाणी म्हटलं की मला आधी कसारा घाट आठवतो. मुंबईहून नाशिककडे येताना त्या घाटात माझ्या लहानपणी मोटारींची एक जत्राच भरलेली असायची. फियाटी, अॅम्बेसिडर, जुन्या जीपगाड्या, सगळ्या कडेला उभ्या, तोंडं उघडून वाफा सोडत. ड्रायव्हर लोक डबे घेऊन झऱ्याकडे चाललेले. बायका पदरानं वारा घेत दगडावर बसलेल्या, आणि मुलांना "दरीकडे जाऊ नको" हे एकच वाक्य ऐकू येणारं. आमचे वडील अशा वेळी फार गंभीर होत. ते आधी इंजिन तसंच चालू ठेवून काटा खाली यायची वाट पाहत, मग बंद करीत, मग घड्याळ पाहत, मग जाड फडक्याची चौघडी करून ती रेडिएटरच्या टोपणावर ठेवीत आणि आम्हाला म्हणत, "मागे सरा." आम्ही आधीच मागे असू, तरी आणखी एक पाऊल मागे सरत असू, कारण तो त्या विधीचाच भाग होता. ते टोपण अर्धं फिरवत, थांबत. आतून एक लांब सुस्कारा येई. तो संपेपर्यंत ते टोपणावर हात ठेवून उभे राहत, नजर दूर दरीत. त्या टोपणात एक स्प्रिंग असते, ती पाण्याला दाबात ठेवते, आणि दाबातलं पाणी शंभर अंशांना न उकळता आणखी वीसेक अंश कळ काढतं, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. वडिलांनी ते कधी समजावून सांगितलं नाही. इतका दाब आत असताना टोपण एकदम उघडायचं नसतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं आणि ते त्यांनी गाडीबाहेरही आयुष्यभर पाळलं. वर इगतपुरीला आल्यावर घाटनदेवीला हात जोडताना ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून काट्याकडेही बघत. दोघांपैकी नमस्कार नेमका कुणाला असे, ते आम्हाला कळत नसे.

तर हिवाळ्यात ही गळती लागली आणि गावातल्या शास्त्रींची सभा भरली. आईनं निदान सर्वांत आधी केलं. ती मागच्या सीटवर बसून निफाडला जाताना म्हणाली, "अरे, तुझ्या गाडीला काकवीसारखा वास येतो." आणि ते खरं होतं. कूलंटमध्ये जे ग्लायकॉल असतं त्याला गोडसर वास असतो, चवही गोड असते म्हणतात, आणि हीच त्यातली दुष्टाई आहे. कुत्र्या-मांजरांनी ते चाटलं तर त्यांच्या मूत्रपिंडांचं वाटोळं होतं. त्यामुळे मी गल्लीतल्या तपकिरी कुत्र्याला रोज पहाटे गाडीजवळून हुसकावू लागलो. मी त्याचा जीव वाचवत होतो आणि तो माझ्याकडे दगाबाज शेजाऱ्याकडे पाहावं तसं पाहत होता. पुतण्यानं मोबाइलवर काहीतरी पाहून हेड गॅस्केट उडालंय असं जाहीर केलं आणि पुढच्या वाक्यात ही गाडी विकून टाकण्याचा खर्च आणि फायदा मांडला. नानांनी दोघांनाही हातानं गप्प केलं. "मास्तर," ते म्हणाले, "चमचाभर हळद टाका रेडिएटरात. आमच्या ट्रकवाल्यांनी नाशिक ते कलकत्ता हळदीवर गाड्या नेल्यात." नाना काही फेकत नव्हते. हळदीची पूड पाण्याबरोबर फिरते, बारीक छिद्रापाशी जाऊन बसते, फुगते आणि वाट बुजवते. रस्त्यात अडकलेल्या माणसाला तेवढं पुरतं. पण गावाच्या वैद्यकात हळद जखमेवर असते, दुधात असते, नवरदेवाच्या अंगावर असते. आता ती इंजिनाच्याही रक्तात जाणार म्हटल्यावर मला उगाच भरून आलं. एवढंच की ही पूड छिद्र आणि नळी यांत भेद करत नाही. गळती थांबते आणि रेडिएटरही थांबतो.

मिस्त्री माझा जुना विद्यार्थी. नाव सांगत नाही, त्याला आवडायचं नाही. वर्गात तो खिडकीशी बसायचा आणि खिडकीबाहेरच्या रस्त्यावरून जाणारी गाडी न बघता, नुसत्या आवाजावरून ओळखायचा. मी त्याला त्याबद्दल पुष्कळदा उभं केलेलं आहे. आता उभा मी असतो आणि तो बसलेला असतो. त्यानं गाडी सावकाश फिरून पाहिली. "कुठं गळू राहिलं, सर?" असं विचारलं, आणि उत्तर ऐकण्याआधीच खाली पाठीवर झोपून आत सरकला. बराच वेळ गेला. मग आतून आवाज आला, "सर, गाडी तर कोरडीठाक आहे." सकाळचे अकरा वाजलेले होते, ऊन छान पडलेलं होतं, आणि रात्रभर टिपकणारी ही गाडी मिस्त्रीच्या हाताखाली येताच ठणठणीत झाली होती. दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरतो तसं झालं. त्यानं इंजिन चालू केलं, तापवलं, काटा मध्यावर आणला, पंख्याशी हात नेऊन पाहिला. रेडिएटरच्या तोंडाला हातपंपाचं घड्याळ लावून दाब दिला. सुई जिथं नेली तिथंच राहिली. तेलाची काडी काढून पाहिली, तेल दुधाळ नव्हतं. धुराड्यातून पांढरा धूर नव्हता. रेडिएटरच्या तोंडात बुडबुडे नव्हते. म्हणजे पुतण्याचं गॅस्केट निर्दोष सुटलं. पायातली चटई कोरडी, काचेवर चिकट धुकं नाही. म्हणजे हीटरही सुटला. राहिला पाण्याचा पंप, कारण पुठ्ठ्यावरचा डाग बरोबर पंपाखाली पडत होता.

या पंपाची एक गोष्ट मला फार लोभस वाटली. त्याच्या आत पाणी एका बाजूला आणि बेअरिंग दुसऱ्या बाजूला असतं. मध्ये एक सील. ती सील म्हातारी झाली की पाणी बेअरिंगकडे झिरपणार आणि बेअरिंगचा घास घेणार, हे करणाऱ्याला आधीच माहीत होतं. म्हणून त्यानं पंपाच्या पोटाला खालच्या अंगाला मुद्दाम एक बारीक भोक ठेवलं. सील गेली की पाणी आत न मुरता त्या भोकातून बाहेर टिपकतं आणि मालकाला कळतं. विचार करा, जो माणूस पाणी गळू नये म्हणून पंप करतो, तोच त्यात गळायची जागा राखून ठेवतो. माणसं घडवतानाही ही काळजी कुणी घेतली असती तर आमच्या पिढीतल्या कितीतरी पुरुषांचं बरं झालं असतं. त्यांच्या सीली आतल्या आत गेल्या आणि शेवटपर्यंत बाहेर थेंब आला नाही. मिस्त्रीनं त्या भोकात करंगळीचं टोक फिरवलं, बोट नाकाशी नेलं, मग मला दाखवलं. भोक स्वच्छ होतं. "पंप बदला म्हणलो तर बदलता येईल," तो म्हणाला, "पण पंप चांगला आहे, सर. चांगल्या माणसाला कशाला काढायचं?" एवढं बोलून त्यानं हात पुसले. पैसे घ्यायला तो तयार नव्हता, कारण काही केलंच नव्हतं.

निफाडच्या थंडीविषयी बाहेरच्यांना सांगितलं तर ते सौजन्यानं हसतात. महाराष्ट्र आणि थंडी यांचा संबंध त्यांच्या मते महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीपुरता असतो. पण कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा डिसेंबर-जानेवारीत दोनेक अंशांपर्यंत उतरल्याच्या बातम्या आम्ही शेकोटीजवळ बसून वाचल्या आहेत. त्या रात्री द्राक्षवाले बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात, मण्यांना थंडी बाधू नये म्हणून घडांच्या उशाला धूर ठेवतात. नांदूरमधमेश्वरच्या पाणथळात दूरदेशीचे पक्षी उतरलेले असतात आणि बहुधा आपण चुकून मुक्कामाच्या आधीच थांबलो की काय असं एकमेकांना विचारत असतात. माझ्या गाडीतलं कूलंट, निम्मं पाणी मिसळलं तर, उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही म्हणे. सायबेरियाची तयारी करून आलेलं ते हिरवं द्रव्य आयुष्यभर सायखेडा ते नाशिक करत राहिलं. त्याचं खरं शौर्य दाखवायची संधी त्याला कधी मिळणार नाही, आणि एखाद्या निफाडी पहाटेच जरा कुठं त्याच्या अंगात वीरश्री येत असेल.

आणि नेमकं त्याच पहाटेला ते बाहेर पडत होतं. हे नानांच्या लक्षात आलं. हळद नाकारल्याचा राग विसरून ते एकदा सकाळी पुठ्ठा बघायला आले, डागावर बोट टेकलं, आभाळाकडे बघितलं, आणि म्हणाले, "मास्तर, ढगाळ हवा होती त्या दिवशी गळली नव्हती ना?" मी आठवून पाहिलं. खरंच, ढग आलेल्या उबदार रात्री पुठ्ठा कोरडा होता. पुलाचं पाणी डोळे मिटून सांगणाऱ्या माणसानं माझ्या गाडीचाही पूर-इतिहास मनात टिपून ठेवला होता.

जिथं थेंब पडतो तिथं पाणी निघालेलं नसतं, हे गोदाकाठच्या माणसाला खरं तर वेगळं सांगायला नको. आमची नदी पाहा ना. ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि तिथंच दिसेनाशी होते. गंगाद्वारी जरा डोकावते, पुन्हा गुप्त होते. आणि खाली त्र्यंबकात कुशावर्ताच्या कुंडात येऊन बसते. कथा अशी सांगतात की गौतम ऋषींनी मोठ्या तपानं आणलेली गंगा सारखी हातातून निसटायची, इथं प्रकटायची आणि तिथं लोपायची. शेवटी त्यांनी कुशाचं गवत तिच्याभोवती फिरवलं आणि तिला अडवलं. गळती शोधून तिच्याभोवती काहीतरी आवळून बांधण्याचा आमच्या जिल्ह्यातला हा पहिला प्रयत्न म्हणायला हरकत नाही. ऋषींनाही आधी दोन-तीन ठिकाणी पाहावं लागलं, याचा मला त्या दिवसांत मोठा आधार वाटला. आणि नळीवर आवळतात तशी त्यांची ती कुशाची क्लिप अजून निसटलेली नाही.

मिस्त्रीला नानांचा शोध सांगितला तेव्हा तो गप्प झाला. मग म्हणाला, "सर, गाडी आज रात्री इथंच राहू द्या. तोंड उघडं ठेवून." म्हणजे बॉनेट. "आणि खडू आहेत का घरात?" निवृत्त शिक्षकाच्या घरी दुसरं काय असणार? मी अर्धी पेटी नेऊन दिली. त्यानं खडू खलबत्त्यात कुटून त्यांची पूड केली, इंजिनाचा पुढचा भाग आधी फडक्यानं पुसून कोरडा केला, आणि मऊ ब्रशनं ती पांढरी पूड पंपावर, नळ्यांवर, डोक्याच्या जोडावर हलकेच पसरली. त्या पांढऱ्या मुलाम्यात माझी गाडी आयुष्यात पहिल्यांदा तयार होऊन बसलेली दिसली. इतकी वर्षं मी खडूनं फळ्यावर लिहिलं. आता फळाच मला काही लिहून दाखवणार होता.

पहाटे सहाला मी पोचलो तेव्हा मिस्त्री कानटोपी, स्वेटर आणि त्यावर बायकोची शाल अशा अवतारात बॅटरी घेऊन उभा होता. नाना माझ्याही आधी आले होते. निमंत्रण कुणी दिलं ते कळलं नाही. नदीवरून धुकं येत होतं आणि समोरचा पूल अर्धाच दिसत होता. "चालू करा, पण रेस देऊ नका," मिस्त्री म्हणाला. इंजिन दोनदा खोकून लागलं. आम्ही तिघं बॉनेटवर वाकलो, बॅटरीचा उजेड त्या पांढऱ्या पुडीवर फिरत राहिला. बराच वेळ काही नाही. मग पंपाच्या वर, पंख्याच्या मागे, जिथं कुणाची नजर सहसा जात नाही अशा एका कोपऱ्यात पुडीवर एक बारीक काळसर रेघ उमटली. हळूहळू खाली सरकली, पंपाच्या पाठीवरून वळसा घालून त्याच्या पोटाशी आली आणि तिथं फुगून लोंबकळली. मग टपकली. पुठ्ठ्यावर, घडावर, नेहमीच्या जागी. रेघ ज्या ठिकाणाहून निघाली होती तिथं बोटभर लांबीची एक रबरी नळी होती. मिस्त्री हळू आवाजात म्हणाला, "बायपासचा पाइप. हाच, सर."

त्या नळीचं काम ऐकून मला तिच्याविषयी फार वाटलं. थंड इंजिनाला आणखी थंड करण्यात अर्थ नसतो, म्हणून सुरुवातीला थर्मोस्टॅट रेडिएटरकडचं दार लावून बसतो. आत मेणाची एक गोळी असते. पाणी ऐंशीएक अंशांच्या पुढे गेलं की मेण फुगतं आणि दार उघडतं. पण तोवर पंप फिरतच असतो, पाण्याला उभं राहता येत नाही. मग या आखूड नळीतून ते घरातल्या घरात येरझारा घालतं. दार उघडलं, मोठी वाट मोकळी झाली, की या नळीकडे फारसं कुणी बघत नाही. म्हणजे तिचं सारं ओझं पहाटेचं. आणि तिचं रबर वर्षानुवर्षं शिजून आता कडक झालेलं. थंडीत ते आक्रसे, क्लिप सैल पडे, नळीखालचा लोखंडी गळा गंजानं खडबडीत झालेला, त्यातून पाण्याला केसाएवढी फट मिळे. ऊन आलं, इंजिन तापलं, की रबर फुगून फट मिटे, आणि जे काही ओलं झालेलं असे ते गरम लोखंडावर वाळून जाई. मिस्त्रीनं अकरा वाजता पाहिलं तेव्हा नळी साधीभोळी, काही न घडल्यासारखी बसलेली होती.

पुढचं काम फार वेळाचं नव्हतं. कूलंट खाली परातीत उतरवलं, कुत्र्याच्या वाटेपासून लांब. क्लिप सोडली, नळी कापून काढली, लोखंडी गळ्यावरचा पांढरा-हिरवा थर पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केला. त्या थरात आमच्या विहिरींचं जड पाणीही होतं. कुठल्याशा उन्हाळ्यात कूलंट मिळालं नाही म्हणून कुणीतरी तांब्याभर ओतलं असणार, आणि त्या तांब्यातले क्षार अजून हिशेब मागत होते. रेडिएटरच्या जाळीत चिलटं, पाकोळ्या आणि द्राक्षाच्या वाळक्या पानांचा चुरा असा अडकला होता, की पावसाळ्यात आमच्या पुलाला पाणवेली अडकतात त्याची आठवण व्हावी. तो मागून पाणी मारून मोकळा केला. नवी नळी, नवी क्लिप. बॅटरीवाल्याकडून आणलेलं डिस्टिल्ड वॉटर निम्मं, कूलंट निम्मं, आणि मग टोपण उघडं ठेवून, हीटर सुरू करून, इंजिन शांतपणे चालू ठेवायचं, आतली कोंडलेली हवा बाहेर येईपर्यंत. ती येते बुडबुड्यांनी, थांबून थांबून, काही सांगावं की नको असा विचार करत. मिस्त्री त्या बुडबुड्यांकडे बघत उभा होता. एक हात टोपणावर, नजर दूर पुलावर. "मागे सरा, सर," तो एकदा म्हणाला. मी आधीच मागे होतो. तरी एक पाऊल सरलो.

नळी आणि क्लिप मिळून जे पैसे झाले त्यात नाशकात दोन माणसांचा धड नाश्ता होत नाही. मजुरी सांगताना मिस्त्री अडखळला, मग त्यानं एक आकडा सांगितला आणि लगेच तो कमी केला; मी पहिलाच दिला. उरलेले खडू त्यानं परत केले नाहीत. पोरीला लागतील म्हणाला.

नाना मघापासून बाकावर ती कापलेली जुनी नळी हातात घेऊन उजेडात आरपार बघत होते. ते म्हणाले, "मास्तर, ही मी नेतो. कूलरच्या पाइपाला जोड द्यायला बरोबर बसंल."

"नाना, ती गळते हो," मी म्हणालो. "तिच्यापायीच तर एवढं रामायण झालं."

"थंडीत गळते ना?" नळी खिशात टाकत नाना म्हणाले. "कूलर मी उन्हाळ्यात लावतो."